वार

रात्री अडीचला ह्यूचा फोन, "बसली."
म्हणजे ४१२७. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर एवढंच,
पण ह्यू मॅक्स्किमिंग तिला एफी म्हणतो
आणि आमच्या अहवालात हे नाव कुठेच येत नाही.

डम्फ्रीसच्या बाहेर, निथ नदीच्या अंगाला,
मार्च गोठ्यात आडवा पडलेला असतो, ओला, मूत आणि गवताच्या वासाचा.
मी पोचते तेव्हा दोन खूर बाहेर,
त्यांवर टेकलेलं नाक, जिभेचं टोक निळसर.
मी हातमोजे चढवते.
मग उगाच ह्यूकडे बघते. त्याचे हात उघडे.

या गाईला मी चार वेळा टोचलंय,
मानेत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.
सुईत विषाणू नव्हता, त्याचा नुसता अंगरखा होता,
प्रयोगशाळेत शिवलेला, साखरेची वेलबुट्टी काढलेला,
ज्याला माणसाचं रक्त वर्षानुवर्षं फसतं.
एफी फसली नाही.
तिनं लांब मानेची प्रतिपिंडं घडवली,
साखरेच्या जाळीतून आत मान घालणारी,
जशी ती स्वतः कुंपणातून पलीकडचं गवत ओढते.
काचेच्या तबकडीत एकवीसपैकी सोळा वाण गप्प.

तिला हा आजार होत नाही.
तिला तो ठाऊकही नाही.

ह्यूला आहे.
धाकटा भाऊ ॲलिक, एडिनबरा, सत्त्याऐंशी साल,
पाच मित्रांत एक सुई.
"आई भेटायला गेली ती हातमोजे घालून,"
कास पुसता पुसता एकदा म्हणाला,
आणि पुढचं सड धरलं.

कालवड.
ह्यूनं तोंडातली चिकटी बोटानं काढली,
काडी नाकपुडीत फिरवली. शिंकली.

आता थांबायचं.
"तुमच्यात काय म्हणतात त्याला, जे मागून पडतं?"
वार, मी म्हणाले. मंगळवारातला तोच शब्द,
कोयत्याचा घाव तोही तोच.
"एकच शब्द? गोंधळ होत नाही?"
गाईपाशी उभं असताना नाही होत.

पहाटे पाचला पडली, जांभळी, जड, बटणाबटणांची.
मी बादलीत घेतली, कापली, कुप्या भरल्या.
नऊ महिने याच पडद्याला लागून
निम्मं परकं वाढलं,
बाप म्हणजे गोठवलेली एक नळी, तिनं न पाहिलेला बैल,
आणि तिच्या पहारेकऱ्यांनी हूं की चूं केलं नाही.
तेच पहारेकरी. तीच गाय.
का, हे मी अकरा वर्षं विचारते आहे,
दर वेळी अनुदानाच्या अर्जात जरा वेगळ्या शब्दांत.

आणि तिची ती लांब मान माणसाला जशीच्या तशी देता येत नाही.
आपलं रक्त विचारेल, ही कोण?

पडदा राखणही आत जाऊ देत नाही.
वासरू उघडं येतं. सगळं असतं ते चिकात,
पहिल्या काही तासांत, नंतर आतडं दार लावून घेतं.
ह्यूनं धार काढली, पिवळीधम्मक, दाट.
पन्नास मिली मला, बाकी बाटली कालवडीच्या तोंडात.
त्याची आई याचं साखर घालून काहीतरी भाजायची, बीस्टी.
आम्ही गूळ घालतो, वेलची, वाफवतो, वड्या पाडतो.
खरवस, मी म्हणाले. "कारवस," तो म्हणाला.
प्रयोगातल्या गाईचा कुणीच खात नाही. उरला तो जाळायचा.

कालवड शेपटी हलवत ओढत होती.
"म्हणजे आता हिच्यातही ते आलं? ॲलिकच्या त्या... विरुद्ध?"
हो, मी म्हणाले. काही महिने.
"हिला काय उपयोग?"
काही नाही.

तो बराच वेळ बाटली धरून उभा राहिला, रिकामी झाल्यावरही.
मग नोंदीचं कार्ड घेतलं. त्यावर नावाची जागा नसते.
उलटं करून पेन्सिलीनं काही लिहिलं, खिळ्याला अडकवलं.
मी वाचलं नाही.
कुप्या बर्फात ठेवायच्या होत्या.